शिशावरच्या सुरकुत्या

नोव्हेंबर निम्मा सरला की सेंगकांगमधल्या दुपारी भरवशाच्या राहत नाहीत. जेवायला बसावं तेव्हा आकाश स्वच्छ असतं आणि हात पुसत खिडकीशी यावं तर समोरच्या ब्लॉकचे वरचे मजले दिसेनासे झालेले असतात. खालून एलआरटी या स्थानिक रेल्वेचा छोटासा डबा जातो, त्याच्या काचांवरून पाणी ओघळत असतं. बांबूच्या काठ्यांवर वाळत घातलेले कपडे आत ओढायला सगळ्या मजल्यांवरून एकदम हात बाहेर येतात. इथल्या पावसाला फारसा वास नाही, नखरा नाही. येतो, आपलं काम उरकतो आणि निघून जातो. मला तो मनापासून आवडतो.

या पावसात मला आता शिसं आठवतं. आता पावसाचा आणि शिशाचा काय संबंध, असं कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो जरा लांबून सांगावा लागेल.

मी मासे पकडतो आणि परत पाण्यात सोडून देतो. आम्ही शाकाहारी. पुंगोलच्या जेट्टीवर रविवारी सकाळी गळ टाकून बसणं हा माझा एकमेव छंद. आईला तो कधीच पटला नाही. "खायचे नाहीत तर धरायचे कशाला? आणि धरल्यावर सोडायचे कशाला? त्या माशाला तरी काय वाटत असेल?" असं ती एकदा म्हणाली होती. तर जेट्टीपाशी पाण्याला ओढ फार असते. गळ तळाशी टिकावा म्हणून दोरीला शिशाचं वजन बांधावं लागतं. ते खडकात अडकतं, दोरी तुटते, वजन जातं. दुकानात तशी वजनं मिळतात, पण जेट्टीवरच्या मुरलेल्या मंडळींना विकतचं वजन वापरणं कमीपणाचं वाटतं. ती स्वतः ओततात.

मला या नादाला अंकल गोह यांनी लावलं. अंकल गोह म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचे दात उपटून निवृत्त झालेले डेंटिस्ट. हौगांगमध्ये त्यांचं जुनं बैठं घर आहे. त्यांनी मला आपला एक जादा साचा दिला. चांगला बिडाचा, हातात घेतला की मनगट खाली जाईल असा जड, दोन पाकळ्यांचा, आत पेर फळाच्या आकाराची पोकळी. शिसं वितळवून वरच्या भोकातून ओतायचं, थोडं थांबायचं, पाकळ्या उघडायच्या, की वजन टपकन खाली पडतं. त्यांच्या पोर्चमध्ये आम्ही ते करायचो. पण पावसाळ्यात तिथे झड येते, आणि वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला की ते उसळून तोंडावर येतं. म्हणून गेल्या वर्षी पाऊस सुरू झाल्यावर मी सगळा संसार आमच्या फ्लॅटच्या सर्व्हिस यार्डात आणला, म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या, वॉशिंग मशीन ठेवायच्या चिंचोळ्या जागेत. खिडकी सताड उघडी, पंखा बाहेरच्या दिशेला, तोंडाला मास्क, मधलं दार बंद. ओतकाम चालू असताना कोणी आत यायचं नाही, असा नियमही केला होता. नियम करण्याच्या बाबतीत मी हुशार आहे.

त्याच हंगामात घरात एक प्रश्न होता आणि तो सगळ्यांना माहीत होता: आई इथे कायमची राहणार की मिरजेला परत जाणार.

बाबा गेल्यावर मी तिला इथे घेऊन आलो होतो. तिच्या इथे राहण्याच्या सरकारी पासची मुदत संक्रांतीनंतर संपत होती. तो वाढवून घेणं मला शक्य होतं. तिने फक्त हो म्हणायचं होतं. मी विषय काढला की ती म्हणायची, "बघू." आमच्या घराण्यात "बघू" या शब्दाचा अर्थ अजून कोणालाही नक्की लागलेला नाही. बाबा साडीखरेदीलाही बघू म्हणायचे आणि घर बांधायच्या वेळीही बघूच म्हणाले होते. मानसी, माझी बायको, तिला खरंच हवं होतं की आईंनी राहावं. पण ती बँकेत, मी आंग मो किओ भागातल्या कंपनीत, मुलगी इरा शाळा आणि शाळेनंतरच्या शाळेत. सकाळी आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरायचो आणि आई दाराच्या लोखंडी जाळीआडून हात हलवायची. संध्याकाळी परत आलो की ती तिथेच उभी असल्यासारखी वाटायची. मधला दिवस ती काय करते, हा विचार मी कधी नीट केला नव्हता.

दसऱ्याला तिने विचारलं, "पूजेला हत्यारं काय काय आहेत?" मी लॅपटॉप आणून ठेवला, मानसीने तिचा. इराने नाक मुरडत कॅल्क्युलेटर दिला. आई ते सगळं बघत राहिली. मिरजेला दसऱ्याला अडकित्ता, विळी, कोयता, बाबांची पेटीभर हत्यारं असा थाट असायचा. "अरे, लोखंडाचं काही नाही का घरात?" सुऱ्या स्टेनलेस स्टीलच्या, तवा नॉनस्टिकचा. मग मला साचा आठवला. तो बघून तिचा चेहरा खुलला. दोन्ही हातांनी उचलून तिने त्याचं वजन घेतलं.

"हे काय असतं रे?"

"शिसं ओतायचा साचा. गळाला बांधायची वजनं करतो मी."

"बिडाचा आहे ना?"

"हो."

"मग ठीक आहे," असं म्हणून तिने त्याला हळदीकुंकू वाहिलं. पूजा झाल्यावर मी तो स्वच्छ धुतला, पुसला आणि सर्व्हिस यार्डातल्या फळीवर ठेवला.

पाऊस सुरू झाला आणि माझं घरचं ओतकामही. आणि पहिल्याच शनिवारी वजनं सुरकुतलेली निघाली. शिशावरची सुरकुती म्हणजे दुधावरची साय ढकलल्यासारख्या बारीक घड्या. वाचणाऱ्याच्या मनात इथे म्हाताऱ्या माणसाचा चेहरा येणार, तो येऊ देऊ नये. म्हाताऱ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दोष नसतात. या होत्या.

खरं सांगायचं तर माशाला काही फरक पडत नाही. सुरकुतलेलं वजनही तेवढंच बुडतं. पण माझा धंदा काय? पट्ट्यावरून येणाऱ्या सर्किट बोर्डांवरचे डाग, खड्डे, फुगे शोधायचे आणि ते का आले ते सांगायचं. मीटिंगमध्ये मी उभा राहिलो की कारखान्यातले लोक एकमेकांकडे बघतात, इतका माझा लौकिक आहे. त्या माणसाच्या घरात असा माल निघावा?

सुरकुतीचं सरळ कारण म्हणजे थंडपणा. साचा पुरेसा तापला नसेल तर शिसं आत जाता जाताच थिजतं आणि घड्या पडतात. मी साचा भांड्याच्या कडेवर ठेवून जास्त तापवला. सुरकुत्या तशाच. मग शिसंच जास्त तापवलं. आता वजनांवर पांढुरका, पिठीसाखर भुरभुरल्यासारखा थर आला. हा अति उष्णतेचा दोष. म्हणजे एकाच वजनाला थंडीचे आणि गरमीचे दोन्ही दोष, जे माझ्या पुस्तकी ज्ञानात बसेना. मेणबत्तीचा तुकडा टाकून शिसं ढवळलं, वर आलेली मळी काढली. अंकल गोह यांना फोन केला. ते म्हणाले साच्याला मेणबत्तीची काजळी दे. दिली. वजनं काळी आणि सुरकुतलेली निघाली. त्यांनी दुसरा सल्ला दिला, तोही चुकला. डेंटिस्ट माणूस, खचत नाही.

एक गोष्ट लक्षात आली होती. बैठकीच्या सुरुवातीची वजनं सगळ्यात वाईट निघत. ओतत राहिलं की हळूहळू सुधारत आणि शेवटची दोन-चार अगदी नितळ येत. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून तेच. शिवाय सुरुवातीला ओतताना साच्यातून बारीक धूर यायचा आणि नारळासारखा गोडसर वास. त्या वासाचं स्पष्टीकरण माझ्याकडे तयार होतं. आमच्या खालच्या मजल्यावर मलय कुटुंब राहतं, शनिवारी त्यांच्याकडे नासी लेमाक असतो, नारळाच्या दुधातला भात. खिडकी उघडी होती. वास वर येणारच. मला तर भूकही लागायची.

उलगडा इराने केला. ती चौदा वर्षांची. त्या दिवशी क्लासवरून आली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरली आणि बंद दाराआडून ओरडली, "पापा, व्हाय डझ इट स्मेल लाइक आज्जीज हेअर?"

मी पळी खाली ठेवली.

भांडं निवल्यावर मी हात धुऊन बाहेर आलो. आई हॉलमध्ये वाती वळत बसली होती. मी विचारलं, "आई, तू त्या साच्याला तेल लावतेस का?"

"लावते की," ती म्हणाली. "रोज लावते. तुम्ही गेलात की आधी तेच काम. या हवेत लोखंड टिकेल का? तू आपला धुऊन उघडा ठेवतोस. आतून-बाहेरून बोट फिरवते खोबरेल तेलाचं. बघ ना, कसा काळाभोर राहिलाय!"

तिच्या बोलण्यात केवढा आनंद होता! आणि सुरकुत्या त्या तेलाच्या होत्या: शिसं ओतलं की ते जळून धूर व्हायचा आणि घड्या पडायच्या, ओतत राहिलं की तेल संपायचं आणि वजनं नितळ यायची. माझ्या धंद्यात पहिला प्रश्न हाच विचारतात, की या वस्तूला आणखी कोणाकोणाचा हात लागतो. तो मी घरात विचारलाच नव्हता. घरात आपल्याखेरीज कोणी काही करत असेल हे सुचतच नाही.

मी एकटा असतो तर कदाचित काही बोललो नसतो. शनिवारी गुपचूप साबणाने धुतला असता साचा, तिने रविवारनंतर पुन्हा तेल लावलं असतं आणि दोघांचंही बरं चाललं असतं. पण मानसी संध्याकाळी आली, हसत हसत मी तिला सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. "बोटाने लावतात? आतून? अरे, ते शिसं आहे. त्याच हातांनी आई कणीक मळतात."

मग हसणं थांबलं. आम्ही चौघं रक्ततपासणीला गेलो. निकाल येईपर्यंत मी शिशाचं नावही काढलं नाही. आईला भीती वगैरे वाटली नाही. उलट मीच घाबरलोय हे बघून ती माझी समजूत घालत होती. निकाल सगळ्यांचे चांगले आले. पण निर्णय झाला होता. साचा, भांडं, पळी, शिशाच्या कांड्या, सगळं एका खोक्यात भरलं आणि अंकल गोह यांच्याकडे नेऊन ठेवलं. सर्व्हिस यार्ड फिनाइलने धुऊन काढलं. आईला मी नीट समजावून सांगितलं, तिला ते पटलंही. "मला काय माहीत रे बाबा, विष असतं ते," असं म्हणाली आणि डेटॉलने हात धुऊन आली.

त्यानंतरचा पाऊस मला जास्त आठवतो. काही घडलं म्हणून नाही. शनिवारी मी आता ओतकामात अडकलेला नसायचो, त्यामुळे आईचा दिवस पहिल्यांदा जवळून बघितला. भांडी घासायला मशीन होतं. भाजी निवडून, चिरून पाकिटातून यायची. पोळ्या ती करायची, पण इराने आठवड्यातून दोनदा खाल्ल्या तर खाल्ल्या. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या तळाशी असलेल्या मोकळ्या जागेत, चिनी आजी बसायच्या, त्यांच्या घोळक्यात एक तमिळ पाटी, म्हणजे आजीच, होती. ती आणि आई एकमेकींकडे बघून भरभरून हसायच्या आणि सामाईक भाषा नसल्याने तेवढ्यावरच थांबायच्या. दुपारी पाऊस आला की आई बाल्कनी नसलेल्या त्या घराच्या खिडकीत उभी राहायची. कपडे ओढायला तिचा हात पुढे व्हायचा, पण ड्रायर घेतल्यापासून आम्ही काठीवर कपडे घालत नव्हतो.

एका संध्याकाळी तिने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "माझं तिकीट काढ."

"साच्याचं मनाला लावून घेतलंस का?"

"वेडा आहेस का? त्याचं काय मनाला लावायचं! अरे, तुझं घर छान चाललंय. मी नसले तरी चालेल असं चाललंय. त्याचा मला आनंदच आहे."

"मग राहा ना आनंदात."

"पाहुणी म्हणून राहिले की. फार चांगली ठेवलीत मला. पण पाहुणीने किती राहायचं?"

मानसी म्हणाली, "आई, असं परक्यासारखं काय बोलताय? तुमचंच घर आहे."

"माझं असतं तर मला काहीतरी काम पडलं असतं गं," आई म्हणाली. रागाने नव्हे. मीठ कमी आहे म्हणून सांगावं इतक्या सहज.

मी खूप मुद्दे मांडले. मिरजेत एकटी कशी राहशील, रात्री काही झालं तर, डॉक्टर, गुडघे. सगळे मुद्दे बिनतोड होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाली, "एकटी? मिरजेत?" आणि हसली. संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाल्यावर ती गेली. चांगी विमानतळावर इरा तिला बिलगून रडली, मानसीही रडली. मी ट्रॉली ढकलत होतो.

पाऊस संपल्यावर अंकल गोह यांच्या पोर्चमध्ये मी पुन्हा ओतकाम केलं. साचा कोरडा, स्वच्छ, तापवलेला. पहिलंच वजन नितळ पडलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. कडा भरलेल्या, अंगावर घडी नाही, पांढुरका थर नाही. मालाला नाव ठेवायला जागा नव्हती. मी एक उचलून उजेडात फिरवत राहिलो.

अंकल गोह म्हणाले, "परफेक्ट व्हॉट. व्हाय युवर फेस लाइक दॅट?"

मी म्हटलं, "माय मदर वेंट बॅक."

त्यांनी मान हलवली. "शी मिस होम, लाह."

"हो," मी मराठीत म्हणालो आणि पुढचं वजन ओतलं.

तिला एकटं वाटेल म्हणून मी तिला आणलं, असं मी सगळ्यांना सांगत होतो, स्वतःलासुद्धा. बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो. घरी पोहोचलो तेव्हा अंगणात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, चहा होत होता, आई सगळ्यांच्या मध्ये बसलेली होती. तिच्याभोवती जागा नव्हती. मी बॅग धरून फाटकाशी उभा होतो आणि गल्लीतले लोक माझी ओळख एकमेकांना करून देत होते. एकटं मला वाटत होतं. ते कबूल करायला मला पुढचा पावसाळा यावा लागला.

तो आता आलाय. परवा दुपारी समोरचे मजले पावसात नाहीसे झाले आणि मी आईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. पुन्हा पासचं बघतो, या वेळी सहा महिने नको, दोनच महिने ये, इराची परीक्षा झालीय, तिला मराठी शिकव, तेवढं तरी काम होईल. हे शेवटचं मला बरंच सुचलं असं वाटत होतं.

फोन उचलला तेव्हा ती धापा टाकत होती. "बोल रे, पण पटकन बोल."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? पाणी आलंय नळाला! आज येणार नव्हतं, अवेळीच आलं. गल्लीत कोणाला पत्ता नाही अजून. मी रात्री करते तुला. ठेव."

तिने फोन ठेवला, पण नुसताच ठेवला. कट्ट्यावर, बंद न करता. बादली सरकवल्याचा आवाज आला. पत्र्याचं दार करकरलं. मग तिची हाक आली, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी: "पाणी आलंऽऽ! ए शोभा, पाणी आलंय गं! कुलकर्ण्यांचं दार वाजव! भाभी, मोटर लगाओ, पानी आया!" कुठून कुठून उत्तरं आली, कोणीतरी धावलं, एका नळाची तोटी सुटली, मग दुसऱ्याची.

आमच्या घरात ती महिनोन्‌महिने राहिली होती. इतका मोठा आवाज तिने एकदाही काढला नव्हता. तिला तो आवाज आहे हेच मी विसरून गेलो होतो. इरा खोलीतून बाहेर आली, माझ्या हातातल्या फोनमधून येणारा गलका तिने ऐकला आणि विचारलं, "इज आज्जी कमिंग?"

"नाही," मी म्हणालो. "तिला वेळ नाही."

आणि फोन बंद केला नाही. पलीकडे भांडी भरेपर्यंत आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो.